निळ्याचा गृहपाठ

फोटोग्राफीच्या क्लासला सरांनी गृहपाठ दिला: आठवडाभर फक्त निळा रंग टिपायचा. मी पावणे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमधून हिंडून शटरं, पिंपं, ताडपत्र्या टिपल्या. सरांनी अर्धे फोटो बाद केले. म्हणाले, "हे हिरवे आहेत." माझं डोकंच फिरलं. मला तर सगळे निळेच दिसत होते!

तेच फोटो घरी आईला दाखवले. "हा मोरपंखी, हा आकाशी, हा चिंतामणी," साड्यांचे रंग सांगावेत तसं ती सांगत गेली.

"अगं, मग निळा कुठला?" मी वैतागलो.

"यात एकपण नाय." तिने खिडकीतून समोरच्या बुद्धविहारावरच्या झेंड्याकडे बोट केलं. "तो निळा."

त्या झेंड्याखालून मी रोज कॅमेरा घेऊन जात होतो. रंग म्हणून तो मला एकदाही कसा दिसला नाही, हे अजून कळत नाही.