समाजवाद म्हटल्यावर मनात काय येतं

नशिराबादला घरी बसून मी सहा वर्षं अमेरिकेतल्या लोकांची उत्तरं वाचली. तिकडची एक सर्वेक्षण कंपनी पुण्याच्या ऑफिसला काम द्यायची आणि पुण्याहून ते माझ्या लॅपटॉपवर यायचं. लोकांनी आपापल्या शब्दांत लिहिलेलं उत्तर वाचायचं आणि त्याला यादीतला एक आकडा द्यायचा. रागाला एक, भीतीला दुसरा, आशेला तिसरा. लिहिणाऱ्याचं नाव-गाव दिसत नसे. एक प्रश्न मात्र दर खेपेला असे: ‘समाजवाद हा शब्द ऐकल्यावर तुमच्या मनात पहिल्यांदा काय येतं?’

सुरुवातीला दोन ओळी वाचल्या की लिहिणाऱ्याचं वय कळायचं. म्हातारी माणसं रशिया लिहायची, पावासाठीच्या रांगा लिहायची. एकानं लिहिलं होतं, ‘माझ्या वडिलांचं दुकान सरकारनं नेलं, आम्ही एका पेटीनिशी देश सोडला. मला हा शब्द समजावून सांगू नका.’ तरुण पोरं बिचकत लिहायची. दवाखान्याचं बिल, घरभाडं, आणि मग ‘मी समाजवादी नाही, पण’. पुढे तो ‘पण’ गळून पडला. ‘हो, मी आहे’ असं सरळ येऊ लागलं.

महिन्यातून एखाद्या रविवारी मी एसटीनं धुळ्याला माहेरी जायचे आणि आबांना हे सांगायचे. आबा म्हणजे माझे वडील. कापडगिरणी बंद पडेपर्यंत साच्यावर, म्हणजे मागावर होते, लाल बावट्याच्या युनियनमध्येही होते. त्यांना गंमत वाटायची.

“हाऊ शबद तं आपला उद्देशिकामा शे,” भिंतीवरच्या संविधानाच्या तसबिरीकडे बोट करून ते म्हणायचे. “शाळामा पोरं रोज म्हनतस. कोनी घाबरत नही.”

“तिकडे घाबरतात, आबा.”

“मंग आते कमी घाबरतस ना? चांगलं शे.”

मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. पण चौथ्या-पाचव्या वर्षी उत्तरांचा सूर बदलला. आधी लोक समाजवादाबद्दल लिहायचे, आता समाजवाद्यांबद्दल लिहू लागले. ते कुठे राहतात, कसे ओळखू येतात, त्यांचं काय करायला हवं. उलट बाजूनंही, श्रीमंतांचं काय करायला हवं, ते येऊ लागलं. पुण्याहून नवी यादी आली, तिच्यात एक आकडा वाढला होता: धमकी. पहिल्या आठवड्यात तो मी क्वचित वापरला. नंतर तो इतका वापरला, की बोट आपोआप तिकडे जायचं.

अशातच एका दुपारी एक उत्तर इंग्रजी अक्षरांत आलं, पण इंग्रजी नव्हतं. मी ते दोनदा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं.

‘माले हाऊ शबद ठाव नही. मन्ही पोर सभासले जास. शेजारी आते बोलतस नही. काल दारवर कोनी लाल फुली मारी गया. तुम्ही हाई कोनले दखाडतस?’

ही तर आबांची बोली, आमची खानदेशी; आणि ‘तुम्ही हे कुणाला दाखवता?’ हा प्रश्न मलाच होता. आपल्याकडची कुणी बाई, लेकीच्या घरी राहायला गेलेली, फॉर्म समोर आला म्हणून मनातलं लिहून मोकळी झालेली.

मी पुण्याच्या सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, “ताई, इंग्रजी नसेल तर ‘अवाचनीय’ टाका.”

“पण मला वाचता येतंय.”

“तुम्हाला येतं हो. यादीला येत नाही.”

मला ते पटलं नाही. शेऱ्याच्या रकान्यात मी पूर्ण भाषांतर लिहिलं आणि कंसात टाकलं, ‘भाषा खानदेशी’. एका घाबरलेल्या बाईचं म्हणणं कुणीतरी ऐकेल, एवढंच मनात होतं.

तीन दिवसांनी सुपरवायझरचाच फोन आला. “क्लायंटनं विचारलंय, ही भाषा नक्की कुठल्या भागातली? लिहिणाऱ्याचं गाव त्यांच्याकडे आहे, तिथे ती बोलणारी घरं फार नसतील म्हणे.”

“त्यांना कशाला हवंय?”

“मी विचारत नाही, ताई. तुम्हीही विचारू नका.”

मी म्हणाले, माझी चूक झाली, गुजराती-हिंदीची सरमिसळ वाटते, अर्थही नीट लागला नव्हता. तो “बरं” म्हणाला. त्यानं विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ती ओळ माझ्या फाईलमधून गेलेली होती.

त्या रविवारी आबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “संपमा आम्हीबी यादी कयी व्हती. गेटच्या आत कोन गया, त्यास्नी. अक्षर मन्हं व्हतं.”

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.

“मग काय झालं त्या लोकांचं?”

“एकना हात मोडना,” आबा म्हणाले. “मी नही मोडा. मी फक्त नाव लिखं.” आणि ते उठून आत गेले.

पुढच्या खेपेच्या प्रश्नावलीत दोन नवे प्रश्न होते. घरी कोणती भाषा बोलता? आणि, तुमच्या ओळखीत कुणी समाजवादी आहे का? दुसऱ्याला नुसतं हो किंवा नाही लिहायचं होतं. लोक नावं लिहीत होते. कोपऱ्यावरचं निळं घर, मुलीची शिक्षिका, मेव्हणा. कुणी मागितलेलं नसताना.

नावांना यादीत आकडा नव्हता. मी ती एकेक करून पुसायला लागले. ‘हो’ तेवढं ठेवायचं, बाकी खोडायचं. अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी सकाळी पासवर्ड चालला नाही. सुपरवायझरनं फोन उचलला नाही. संध्याकाळी एका अनोळखी नंबरावरून एक मुलगी बोलली, इंग्रजीत, फार नम्रपणे. मूळ फाईल त्यांच्याकडे सुरक्षित आहे, मी काळजी करू नये, असं म्हणाली.

आता मी फैजपूरच्या एका केळी व्यापाऱ्याची पत्रं टाईप करते. आबांनी पुन्हा तो विषय काढलेला नाही. मीही नाही.