डहाणूचा कालवा आणि चालू असलेला कारखाना

डहाणू म्हटलं की लोक चिकू आणि समुद्र एवढंच सांगतात. मला मात्र तिथला जुना कालवा बघायचा होता. खाडीतून गावात शिरणाऱ्या या पाण्याच्या काठावर एकेकाळी भातगिरण्या, बर्फाचा कारखाना आणि फुग्यांचे कारखाने होते, असं एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं होतं. बंद गिरण्या, गंजलेली छपरं, भिंतीतून उगवलेले पिंपळ हा माझ्या ब्लॉगचा जुना विषय आहे. वाचकांनाही तो आवडतो. प्रसाद, माझा नवरा, म्हणाला, "तुला पडक्या गोष्टींची भारी हौस." मी हसले आणि बॅग भरली.

शुक्रवारी पहाटे नाशिकहून निघालो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असा रस्ता धरला. घाट सुरेख आहे, पण मोखाड्याच्या अलीकडे-पलीकडे खड्डे इतके की गप्पा मारता येत नाहीत. जव्हारला मिसळ खाल्ली, कासाला पेट्रोल भरलं. कासाच्या नाक्यावर जीपवाले पाड्यांची नावं ओरडत होते आणि बायका टपावर टोपल्या चढवत होत्या. चारोटीला महामार्ग ओलांडला आणि दुपारच्या आत डहाणूत पोचलो.

राहायला नरेशभाऊंची चिकूची वाडी होती. दोन खोल्या, समोर ओसरी. दोघांचं राहणं-जेवण तीन हजारांत, त्यात बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. भाऊ मोजकंच बोलणारे. "कालवा? बघा की. पण तिथे वास येतो," एवढंच म्हणाले.

वास खरंच येत होता. ओहोटी होती, काळा चिखल, त्यात प्लास्टिक आणि एक उलटी पडलेली होडी. भरतीच्या पाण्यावर मचवे थेट गिरणीच्या दारापर्यंत यायचे म्हणे. गिरणीचं आता फक्त धुराडं उरलंय. बर्फाच्या कारखान्यात लग्नाच्या मंडपाचं सामान ठेवलेलं. पुढे पत्र्याची एक लांब शेड दिसली. फाटकाला कुलूप, भिंतीवर पुसट झालेले रंगीत फुगे, खिडकीची काच फुटलेली. मी काचेतून मोबाइल आत घातला आणि फोटो काढले. लाकडी चौकटी, त्यांवर ओळीने उभे साचे, सगळ्यावर पांढरी पावडर. असं दृश्य मिळावं म्हणून मी शंभर गावं हिंडले असते.

समोरच्या टपरीवर चहा घेतला. चहावाला म्हणाला, "आज शुक्रवार ना, ताई." मला वाटलं, बाजाराबद्दल बोलतोय. मी मान डोलावली. माझं लक्ष मोबाइलमध्ये होतं, कारण मला ओळ सुचली होती. 'फुगा फुटला: डहाणूचा शेवटचा फुगेकारखानाही शांत झाला.' फोटोंसह ती टाकली, डहाणूच्या एका ग्रुपवरही टाकली. रात्री जेवेपर्यंत ती शेकडो लोकांनी पुढे पाठवली होती. प्रसादला आकडा दाखवून मी पापलेट संपवलं.

सकाळी ओसरीवर चहा ठेवताना नरेशभाऊ उभेच राहिले.

"तुम्ही ग्रुपवर टाकलात तो कारखाना माझ्या आतेबहिणीचा आहे," ते म्हणाले. "रंजनाचा. शुक्रवारी इकडे कारखान्यांना सुट्टी असते. बंद नाही तो."

मी लगेच म्हणाले, "अरे देवा! आत्ता काढते पोस्ट."

"काढा," ते म्हणाले. "पण सीमेवरच्या अच्छाडच्या व्यापाऱ्याचा रात्री तिला फोन आला होता. दिवाळीचा माल तो तिच्याकडून घेणार होता. म्हणाला, तुम्ही बंद केलात ना, म्हणून मी दुसरीकडे सांगितलं."

चहा तसाच राहिला. आम्ही कालव्यावर गेलो. फाटक उघडं होतं. आत रेडिओ लागला होता, सहा-सात बायका काम करत होत्या. एक चौकट लाल रबराच्या चिकात बुडून वर येत होती आणि साच्यांवरून थेंब गळत होते. कालचंच दृश्य, फक्त आता त्यात माणसं होती.

रंजनाताई साठीच्या, सडपातळ. नवरा गेल्यापासून त्याच कारखाना बघतात. मी नाव सांगितल्याबरोबर त्यांनी हात पुसले.

"तुम्ही होय. फुगा फुटलावाल्या."

मी माफी मागायला लागले. काय काय बोलले कोण जाणे. हेतू वाईट नव्हता, मला कल्पना नव्हती, कुणाला विचारायला हवं होतं.

"बाहेरचे लोक येता, पडकं दिसलं की खूश होता," त्या म्हणाल्या. "काच फुटली ती क्रिकेटच्या चेंडूने. बसवायची राहिली. एवढंच आहे ते."

कोपऱ्यातली एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मला बरं वाटलं नाही आणि वाटायलाही नको होतं. मी म्हणाले, "आपण अच्छाडला जाऊ. मी स्वतः त्यांना सांगते." त्या फुग्यांच्या नमुन्यांची पिशवी उचलून गाडीत बसल्या.

तलासरी ओलांडून अच्छाडपर्यंत तासाभराच्या वर लागला. नाक्याजवळ ट्रकची लांबलचक रांग होती, ढाब्यांवर कढया चढल्या होत्या. प्रसादने वाटेत एकदा एसी कमी करू का विचारलं.

त्या व्यापाऱ्याचं, जयंतीभाईंचं, गोदाम एका ढाब्यामागे होतं. पिचकाऱ्या, पतंग, प्लास्टिकचे चेंडू छतापर्यंत रचलेले. मी सगळं सांगितलं. चूक माझी, कारखाना चालू आहे, मी आत्ता पाहून आले.

"ते तर बराबर छे, बेन," ते म्हणाले. "पन मी माल सांगून टाकला ना. मशीनचा माल, बाहेरचा. स्वस्तो पडते."

"कधी सांगितला?" रंजनाताईंनी विचारलं.

जयंतीभाईंनी पंख्याकडे बघितलं. "गेल्या हप्त्यात बोलनं चालू होता. मग तो फोटो आला मोबाइलमध्ये, तर मी म्हटला, चालो, आता नाय बोलायला बरा."

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "म्हणजे माझ्या पोस्टमुळे नाही!"

प्रसादने माझ्याकडे पाहिलं. त्या आवाजातला सुटकेचा आनंद मलाही ऐकू आला होता. एक बाई समोर दिवाळीचं काम गमावत होती आणि मी माझ्या डोक्यावरचं ओझं उतरल्याचं जाहीर करत होते. पोस्ट चुकून झाली होती. हे चुकून झालं नव्हतं, हे माझ्या आतून आलं होतं. आजवर इतकी लाज मला कशाची वाटली नाही.

रंजनाताई गाडीत बसल्यावर शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यामुळे नाही, खरंय. मला तोंडावर नाही म्हणायला तो लाजला असता, महिनाभर थोडाफार माल घेत राहिला असता. तेवढ्या वेळात मी दुसरं काहीतरी बघितलं असतं. ती लाज तुम्ही त्याची वाचवलीत."

परतताना तलासरीच्या बाजारात त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. शनिवारची दुपार, सगळी दुकानं उघडी. त्या एकेका दुकानात शिरत होत्या, कुठे मराठी, कुठे गुजराती, एका म्हातारबुवांशी वारलीतही बोलल्या. फुगा फुगवून, ताणून दाखवत होत्या. मी पिशवी धरून मागे उभी. "ह्या कोण?" एका दुकानदाराने विचारलं.

"पाहुण्या," त्या म्हणाल्या.

एका खेळण्यांच्या दुकानाने थोडी पाकिटं ठेवून घेतली. स्टेशनरीवाला म्हणाला, शाळांची स्नेहसंमेलनं आली की बघू. बाकीच्यांनी फक्त पाणी विचारलं.

रविवारी नाशिकला परतलो. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. रस्ता, जेवण, समुद्र सगळं छान आहे, कालव्याचा फेरफटका सकाळी भरती बघून करा. फाटकाला कुलूप दिसलं तर आसपास कुणाला तरी विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. मी जुनी पोस्ट काढली, चूक कबूल करणारी नवी टाकली. ती फार कुणी वाचली नाही. जुन्या पोस्टचे फोटो अजून कुठून कुठून फिरत माझ्याकडेच येतात.

पंधरवड्याने रंजनाताईंना फोन केला. मागे रेडिओ चालू होता. बोर्डीच्या एका मंडपवाल्याने विचारलंय, म्हणाल्या. दोन बायकांना मात्र सध्या अर्धाच दिवस बोलावते. ते ऐकून मी पुन्हा सुरू केलं, "ताई, मला खरंच इतकं..."

"हे बघा," त्यांनी मध्येच थांबवलं, "फोन करा, पण माफी नका मागू. दरवेळी मलाच तुमची समजूत काढावी लागते आणि इकडे चीक घट्ट होतो."

मी बरं म्हणाले. त्यांनी फोन आधीच ठेवला होता.