जमनाची तिसरी पारडी

सुरतेत गोडादऱ्याला राहायचो तेव्हाची गोष्ट. नव्वदचं दशक, मी नववीत. एका सकाळी शाळेत निघण्याआधी गोठ्यात डोकावले, तर जमना म्हशीची अठरा दिवसांची पारडी मान टाकून पडलेली... आणि शेपटीला पांढरट, घाण वासाची हगवण.

जमनाची आधीची दोन पारडं अशीच महिन्याच्या आत गेली होती. आणि दोन्ही वेळा दोष आला होता माझ्यावर.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. आण्णा, म्हणजे माझे वडील, लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात कामाला आणि माय घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर दोन म्हशी सांभाळायची. पारडं माती चाटतं म्हणून त्याला जंत होतात, हे आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ. पारडं सांभाळायचं काम माझं... मग त्याला माती कोणी खाऊ दिली? अर्थात मी.

म्हणून तिसऱ्या वेळी मी कंबर कसली. आण्णा खात्यातून साडीच्या काठांच्या चिंध्या आणायचे, त्या विणून पारडीला मुसकं केलं. सुरतेच्या चिंध्या त्या, जरीच्या! पारडी गोठ्यात अशी उभी राहायची की जणू आत्ताच मुंडावळ्या बांधून बोहल्यावर निघालीये. दूध प्यायला मुसकं काढायचं की लगेच परत बांधायचं. मातीचा कण तिच्या तोंडात गेला असेल तर शपथ.

आणि तरीही हगवण...

आण्णा शिफ्टला निघाले होते. पारडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि चपला घालून गेले. त्यापेक्षा दोन थपडा दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हीपण गेली तर रविवारी दलालाला बोलावून जमनाला विकायचं, हे त्यांनी मायला आधीच सांगून ठेवलं होतं. पारडू नसलं की जमना पान्हाच सोडायची नाही, आणि शेजारीपाजारी तर तिला पोरंखाऊ म्हणायला लागले होते.

ते ऐकताना माय जमनाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली होती.

मी शाळा बुडवली. सायकल काढली आणि थेट दूध मंडळीत, म्हणजे दूध सोसायटीत गेले, तिथे आठवड्यातून एकदा जनावरांचे डॉक्टर यायचे. नशिबाने तो त्यांचाच दिवस निघाला.

आता खरं सांगते, हसू नका... मी पारडीला वाचवायला गेलेच नव्हते. ती जाणार हे मी धरूनच चालले होते. मला फक्त वाटत होतं, की कुणातरी शिकलेल्या माणसाने येऊन मुसकं बघावं आणि आण्णांना सांगावं, की या मुलीने माती खाऊ दिलेली नाही. मला साक्षीदार हवा होता!

डॉक्टर गुजराती, वयस्कर, शांत. माझी सगळी रडकथा ऐकून घेतली आणि स्कूटरवर माझ्या मागे मागे घरी आले. मी मोठ्या अभिमानाने मुसकं दाखवायला लागले, तर त्यांनी ते सोडून बाजूला ठेवलं आणि पारडीच्या तोंडाचा वास घेतला. खवट लोण्यासारखा वास येत होता. मग मायला विचारलं, आधीची दोन किती दिवसांची होऊन गेली? माय म्हणाली, वीस-बावीस.

तेव्हा ते म्हणाले, "बेन, आ कृमि माटीमांथी नथी आव्या. माना दूधमांथी आव्या छे."

जंत मातीतून नाही, आईच्या दुधातून आले होते. म्हशीच्या अंगात ते लपून बसलेले असतात, व्याली की दुधावाटे पारडात उतरतात, असं त्यांनी समजावलं. म्हशीला स्वतःला काही होत नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

मायचा चेहरा उतरला. तिने घाबरत विचारलं, "मंग दूध बंद करू का?" डॉक्टर म्हणाले, अजिबात नाही, दूधच तिला जगवेल. आत्ता जंतांचं औषध, जोडीला मीठ-साखरेचं पाणी. आणि पुढच्या वेळी पारडं दहा दिवसांचं झालं की आजारी पडायची वाट न बघता डोस द्यायचा. बस, एवढंच.

एवढंच... आणि आम्ही दोन वर्षं मातीला शिव्या देत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तो संन्यासी मी होते.

दुसऱ्या दिवशी शेणातून वीतभर लांब, शेवयांसारखे जंत पडले. बघून मला ओकारी आली, माय मात्र देवाला हात जोडत होती. तिसऱ्या दिवशी पारडी धडपडत उठली आणि जमनाच्या कासेला अशा ढुशा मारायला लागली, की माय हसता हसता रडली.

आण्णांना मायने सगळं सांगितलं. ते बराच वेळ गोठ्यात पारडीजवळ उकिडवे बसून राहिले. दलालाला नको म्हणून निरोप गेला. संध्याकाळी मी पाणी भरत होते, तिथे येऊन त्यांनी माझ्या हातातली बादली घेतली.

"बेटा, त्या दोन्ही येळले बी तुन्ही चूक नव्हती," एवढंच म्हणाले.

मी इतकी रडले, इतकी रडले... पहिली दोन पारडं माझ्या हातून मेली, हे मी दोन वर्षं मनात घेऊन झोपत होते, आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या डॉक्टरांचं नाव आज आठवत नाही. ते पारडीला औषध पाजून, हात धुऊन, स्कूटरला किक मारून निघून गेले. त्या घरात आणखी कुणाला बरं करून चालले आहेत, हे त्यांना कळलंही नसेल... जिथे असतील तिथे सुखात असोत.