मैदानाकडे पाठ

या ग्रुपवरचे तुमचे भुताखेतांचे अनुभव मी रोज घरी जाताना बसमध्ये वाचते आणि खरं सांगू का, निम्म्यांना चक्क हसते. मी येरवड्यात, विहाराला लागून असलेल्या चाळीत वाढले. आमच्याकडे नवस नाही, उतारा नाही, अंगात येणं तर नाहीच नाही. शेजारचं कुणी भुताच्या गोष्टी सांगायला लागलं की आमचे वडील विचारायचे, "त्या भुताचं रेशन कार्ड कुठल्या दुकानाला आहे?" झालं, गोष्ट तिथेच संपायची. अशा घरातली मी... आणि आज मीच लिहायला बसले आहे. कारण हे डोक्यात घेऊन फिरायचाही आता कंटाळा आलाय. पटलं तर पटलं. नाही पटलं तरी माझं काही म्हणणं नाही.

पुण्यातल्या एका मोठ्या स्टेडियमवर मी स्टुअर्ड आहे. नाव लिहीत नाही, नोकरी आहे बाबा. तिथे फुटबॉल होतो, रग्बी होतं, मधूनमधून मोठाले कॉन्सर्ट होतात. मैदानाच्या कडेला नारिंगी जाकीट घालून उभी असलेली माणसं तुम्ही टीव्हीवर पाहिली असतील, त्यातली मी एक. आमचं काम एकच — मैदानाकडे पाठ आणि लोकांकडे तोंड. कोण कठड्यावर चढतंय, कुणाला चक्कर येतेय, कोण बाटली फेकायच्या बेतात आहे, ते बघायचं. मागे वळायचं नाही. पहिल्याच दिवशी सुपरवायझर म्हणाले होते, "मॅच बघायची असेल तर तिकीट काढून या."

म्हणजे बघा, इतकी वर्षं रोजची मॅच माझ्या पाठीमागे चालू असते आणि मी एकही बघितलेली नाही. पण लोकांच्या तोंडावरून सगळं कळतं. गोल झाला की सगळे उठतात, थोडक्यात हुकला की डोक्यावर हात जातात. माझा टीव्ही म्हणजे लोकांची तोंडं. गुडघे कामातून गेले, पण हे एक बरं शिकले.

काका पहिल्यांदा भेटले ते गेटवर. शनिवार पेठेतले, रिटायर्ड, एकटे राहणारे, हातात स्टीलचा डबा. मी म्हटलं, "काका, बाहेरचे पदार्थ आत नेता येत नाहीत." डब्यात लसणाची चटणी लावलेले शेंगदाणे होते. काका म्हणाले, "बरं. आणि आतले पदार्थ खाता येतात का? म्हणजे खाण्यालायक असतात का, असं विचारतोय." डबा मी ठेवून घेतला. मॅच संपल्यावर परत दिला तर म्हणाले, "मोजून बघू का?"

काकांची खुर्ची कायम माझ्या समोरच्या स्टँडमध्ये, कठड्यापासून दुसऱ्या रांगेत, कडेची. आणि काही महिन्यांनी माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली — काका सगळ्यांच्या आधी चेहरा करतात.

म्हणजे कसं, की सगळे मजेत बसलेत आणि काका एकदम "अरेरे" करून मान हलवतात. मग जरा वेळानं — फार नाही, एक घोट पाणी प्यायला लागेल तेवढ्यानं — सगळा स्टँड "अरेरे" करतो. काका टाळी वाजवायला हात वर घेतात आणि मग गोल होतो. आधी वाटलं, जाणकार असतील. पण एका कॉन्सर्टला काकांनी उगाचच दोन्ही कानांत बोटं घातली, आणि मग तो भलामोठा स्पीकर असा काही किंचाळला की अख्ख्या स्टेडियमनं कानांत बोटं घातली. आता स्पीकर कधी बिघडणार यातला कसला आलाय जाणकार?

माझ्याबरोबर शबाना असते ड्युटीला. तिला सांगितलं तर म्हणाली, "ताई, उन्हात उभी आहेस सकाळपासून. ओआरएस घे."

मग एकदा मी काकांनाच विचारलं, "काका, तुम्हाला आधी कसं कळतं हो?"

"काय कळतं?"

"गोल होणार, हुकणार... सगळं."

"अहो, मला यातलं ओ की ठो कळत नाही. घरात भिंतींशी किती बोलणार, म्हणून येतो." आणि ते अगदी खरं बोलत होते. त्यांच्या दृष्टीनं ते सगळ्यांबरोबरच टाळ्या वाजवत होते.

आता माझ्या मुलीबद्दल सांगते. दीक्षा. कॉलेजला आहे आणि रग्बी खेळते. आमच्या घरात कुणी कॅरमच्या पुढे गेलं नाही, आणि ही पोरगी अंगावर येणाऱ्या पोरींना धडका देत पळते. एकदा नाक फोडून आली. मी आधी शिव्या घातल्या, मग हळद लावली. राज्याच्या टीमची निवड व्हायची होती, आणि त्यासाठीची मॅच नेमकी आमच्याच स्टेडियमवर आली. सुट्टी मागितली, मिळाली नाही. माणसं कमी होती म्हणे. कमी कधी नसतात! दीक्षा म्हणाली, "असू दे गं आई. पाठ करून का होईना, तू तिथे आहेस ना."

दुपारची मॅच होती. गर्दी बेताची, कॉलेजची मुलं आणि आईबाप. काका टोपी घालून आले होते. मी त्यांना कौतुकानं सांगितलं, "ती कडेनं पळणारी, उंच वेणीवाली, ती माझी मुलगी."

"असं होय? मग आज लक्ष देऊन बघायला पाहिजे," म्हणाले.

हाफटाइमनंतर तिच्या मैत्रिणी एकदम "दीक्षा! दीक्षा!" ओरडायला लागल्या, म्हणजे बॉल तिच्याकडे आला. सगळे उठून उभे राहिले, सगळ्यांची तोंडं हसरी. माझाही ऊर भरून आला हो... आणि काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे आक्रसले. बाकी सगळा स्टँड अजून हसतोय, आणि हा एकच माणूस तोंड झाकून बसलाय.

मी वळले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मैदानाकडे वळले. दीक्षा कडेकडेनं माझ्याच दिशेनं येत होती, बॉल काखेत, मान खाली, आणि बाजूनं एक दांडगी पोरगी तिच्यावर धावून येत होती. मी जीव तोडून ओरडले, "दीक्षाऽऽ!"

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. आणि दोघी एकमेकींवर कोसळल्या.

गुडघा गेला. आतलं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं, टीममधली जागा अर्थातच गेली. सुपरवायझरनी मला समज दिली ती वेगळीच.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये तिचे कोच मला म्हणाले, "ताई, मान खाली घालून तशीच गेली असती तर त्या पोरीचा खांदा सरळ मानेत बसला असता. तुम्ही हाक मारली म्हणून ती सरळ झाली. गुडघ्यावर निभावलं म्हणा." मी तिथेच भिंतीला टेकून रडले. पण दीक्षा शुद्धीवर आल्यावर काय म्हणाली, तर, "आई, मला ती दिसली होती. मी तिला चुकवणारच होते. तू हाक मारलीस आणि माझा पाय अडखळला. का ओरडलीस तू?"

काय सांगणार? शनिवार पेठेतल्या एका काकांनी तोंड झाकलं म्हणून? तिच्या मैत्रिणीच्या मोबाइलवर व्हिडिओ आहे. मी तो इतक्यांदा बघितलाय की पाठ झालाय. कोचही खरे वाटतात, मुलगीही खरी वाटते. ड्युटी, घरचं, हिला धरून बाथरूमला नेणं, व्यायाम करून घेणं, आणि वर हिचा अबोला... फार थकले मी त्या दिवसांत.

पुढच्या फुटबॉलच्या मॅचला काका आले. मी सरळ त्यांच्या खुर्चीपाशी गेले. "काका, त्या दिवशी तुम्ही तोंड का झाकलंत?"

"का म्हणजे? तुम्ही ओरडलात ना! एवढ्या जोरात 'दीक्षा' म्हणून... माझ्या काळजाचं पाणी झालं. म्हटलं, आता काहीतरी भलतंच बघावं लागणार. म्हणून झाकलं."

"नाही काका. तुम्ही आधी झाकलंत. तुम्हाला बघून मी ओरडले."

काका माझ्याकडे बघतच राहिले. एरवी एखादा टोमणा ठरलेला, तो आलाच नाही. "असं कसं होईल बाई? तुमची हाक ऐकूनच तर मी..." मग म्हणाले, "मुलगी कशी आहे?"

घरी जाताना सगळा वेळ तेच डोक्यात होतं. काकांना नेहमी जे आधी पोचतं, ते त्या दिवशी काय पोचलं? दीक्षाचं पडणं नाही. माझी हाक. ते माझ्या हाकेला घाबरले आणि मी त्यांच्या घाबरण्याला. मग ती हाक आली कुठून? आणि ती आलीच नसती तर माझी पोरगी धडधाकट राहिली असती... की राहिलीच नसती?

आता दीक्षा पुन्हा पळायला लागली आहे. डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली. पहिली मॅच आमच्याच स्टेडियमवर आहे. अबोलाही सुटला. म्हणाली, "आई, या वेळी सुट्टी घे. तिकीट काढून लोकांत बस, माझ्याकडे तोंड करून. फक्त ओरडू नकोस."

सुट्टी या वेळी सहज मिळत होती. मी नको म्हटलं. तीच जागा मागून घेतली, मैदानाकडे पाठ करून. दीक्षाचा चेहरा पडला. "तुला माझी मॅच बघायचीच नाहीये का गं?"

काका यायला तयार नव्हते. "माझी छाती होत नाही हो. मी घरीच बरा." मी हात जोडले त्यांच्यापुढे. म्हटलं, "या काका. डबा मी आत सोडते."

"चटणी लावलेले आणू की साधे?" म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता.

तर असं आहे सगळं. या मॅचला मी फक्त काकांच्या तोंडाकडे बघत उभी राहणार. आणि त्यांनी पुन्हा दोन्ही हातांनी तोंड झाकलं, तर ओरडायचं की ओठ घट्ट मिटून उभं राहायचं... ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मॅच रविवारी आहे.