डाव्या पेडलचा खटका

लोडरचा फ्लोट लागत नव्हता आणि तीन दिवस माझं डोकं फिरलं होतं. तशी साधी गोष्ट. बकेट जमिनीला टेकवायची, डावं पेडल चवड्याने पार पुढे दाबायचं. शेवटी एक कडक जागा लागते, ती ओलांडली की खटका बसतो. हाच फ्लोट: मग बकेट मोकळी होऊन जमिनीच्या चढउताराबरोबर आपोआप वरखाली होते आणि मशीन मागे घेत गेलं की खडी सपाट होते.

हे मी सांगत होते कुणाला? माझ्या थोरल्या भावाला! एकवीस वर्षं लोडर चालवणाऱ्याला! साइटवर त्याला लेव्हलमास्तर म्हणतात. पण मेला हट्टी. त्याच्या सीटवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, हा त्याचा कायदा. मी मेकॅनिक, त्यात सख्खी बहीण, तरी मलाही सूट नाही.

पहिल्या दिवशी मी रबरी मॅट काढली, पेडलखालची वाळलेली माती खरवडली. दुसऱ्या दिवशी पेडलपासून व्हॉल्व्हकडे जाणारी सळई जुळवली. तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्हच उघडून धुतला. दर वेळी तो आत, मी बाहेर.

"दाब!"

"दाबलं!"

"खटका बसला?"

"बसला की!"

आणि बकेट खडीत घुसून खळगे पाडायची. वैताग नुसता!

चौथा दिवस उजाडला. आम्ही सपाट करत होतो त्या गोदामाच्या अंगणात दुसऱ्याच दिवशी काँक्रीटच्या गाड्या येणार होत्या. सकाळीच कंत्राटदार बजावून गेला होता, "दुपारपर्यंत सपाट झालं नाही, तर दुसरा ऑपरेटर आणतो. कायमचा."

"नाचता येईना, अंगण वाकडं, असं म्हणतोय तो मला," दादा हसत म्हणाला.

मला हसू आलं नाही. "दादा, उतर खाली."

"कशाला?"

"उतर म्हणते ना! सीट आहे की सिंहासन? माझ्या हातांची सालटी निघाली!"

कुरकुरत उतरला एकदाचा. मी आत बसले, समोरचा सुरक्षेचा दांडा खाली ओढला. बकेटचं टोक जमिनीत दाबून पुढची चाकं उचलली आणि सीटच्या टोकाला सरकून पेडल पार पुढे रेटलं. खट्! चाकं अलगद खाली टेकली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मशीन ठणठणीत होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू नीट दाबतच नव्हतास!"

"दाबत होतो गं, आईशप्पथ." तो दगडावर बसला, पाय पुढे पसरून. डाव्या बुटाच्या तळाला स्क्रूचं डोकं चमकत होतं.

"हा कधी घुसला?"

"कुठाय?" त्याने वाकून पाहिलं.

मी बूट ओढून काढला. मोजा रक्ताने भिजलेला होता.

"दुखत नाही तुला?"

"चवड्याला काही कळतच नाही. वर्ष झालं. खटका बसला असेल असं वाटायचं, म्हणून बसला म्हणायचो."

"डॉक्टर?"

"मशीन सोड म्हणाले असते ना."

संताप आला आणि रडूही आलं. तीन दिवस मी त्या लोखंडाला शिव्या घालत होते. जखम धुऊन पट्टी बांधतेय तोच कंत्राटदार आला. "काय निघालं?"

"स्प्रिंग अडकली होती," मी धडधडीत खोटं बोलले. "निघाली."

दादाने तो बूट उचलून त्याच्यासमोर धरला. "मशीनला काही झालेलं नाही, साहेब. माझा पाय गेलाय. बकेट वर असताना नकळत खटका बसला असता, तर खाली कुणीतरी मेलं असतं."

कंत्राटदाराने बूट उलटा करून पाहिला. दादा माझ्याकडे वळला. "अंगण तू कर. मी इथून सांगतो. मग दवाखान्यात जाऊ."

"आधी दवाखाना!"

"तासाभराचं काम आहे. जा, बस."

मी चढले. पेडलवर नीट पाय पोचत नव्हता.

"सीट पुढे घे," दादा खालून म्हणाला. "माझ्या मापाने लावलीय ती."