ज्ञानेश्वरतात्यांचे ऐंशी क्रेट

"मॅडम, तात्यांचा प्लॉट आज तोडायचं कोणी ठरवलं?"

निफाडजवळच्या पॅकहाऊसमधून मॅनेजर रशीदभाईंचा फोन. द्राक्षतोडणीचा चार्ट छापणारा माझा प्रोग्रॅम त्या सकाळी तिथे पहिल्यांदाच चालला होता. कॉलम तीनच: शेतकऱ्याचं नाव, 'आज'चे क्रेट, 'पुढे' म्हणजे पुढच्या आठवड्याचे क्रेट. ज्ञानेश्वरतात्यांच्या द्राक्षांत गोडी भरायची होती, म्हणून 'आज' रिकामं आणि 'पुढे'मध्ये ऐंशी. छापलं गेलं ते ऐंशी थेट 'आज'खाली! तोडणीची टोळी गाडीत बसलीसुद्धा.

"थांबवा त्यांना! आंबट घड कापले तर तात्यांचं वर्ष गेलं."

"थांबवलं. गेटमध्ये आडवा उभा आहे. टोळी शिव्या घालतेय, तुम्ही या लवकर."

रशीदभाईंचा आवाज फौजदाराचा, पण माणूस लोण्याचा. मी नाशिकहून पोचेपर्यंत त्यांनी टोळीला चहा पाजून दुसऱ्या बागेत पाठवलं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

घोळ साधा होता. कॉलम जुळावेत म्हणून प्रोग्रॅम प्रत्येक नावापुढे स्पेस भरतो. नाव आखूड तर स्पेस जास्त. 'ज्ञानेश्वर'मध्ये आपल्याला चार अक्षरं दिसतात. कॉम्प्युटर काना, मात्रा, पाय मोडलेलं अक्षर, सगळं सुटं धरून दहा मोजतो आणि त्या हिशेबाने स्पेस कमी देतो. मग पुढचा आकडा डावीकडे सरकतो. मी टेस्टिंग केलं होतं गणपत आणि मदन घेऊन. तिथे काना-मात्रेचा प्रश्नच नव्हता.

"नाव शेवटच्या कॉलममध्ये टाकते," मी म्हटलं. "त्याच्यापुढे काही नसलं की सरकणार काय?"

रशीदभाईंनी कानाला हात लावला. "नको मॅडम! लोक चार्ट बघायला येतात ते आपलं नाव बघायला. मागे टाकलं तर म्हणतील, भाईने आम्हाला मागे टाकलं."

हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतं. मग बसले, आकडे नावातली अक्षरं मोजून नव्हे, तर कागदावरच्या ठरलेल्या जागेवर छापायला लावले. रिकाम्या चौकोनात रेघ टाकली.

दुसऱ्या दिवशी तात्या आले. चार्टसमोर उभे राहून त्यांनी मोबाईलवर फोटो काढला.

"नाव पयलं हाय. आजला रेघ हाय. म्हंजे घाई नाय. झ्याक केलं, पोरी."

पुढच्या आठवड्यात त्यांचा प्लॉट गोड निघाला. मी आता कुठलंही टेबल आधी जोडाक्षरवाल्या नावांवर टेस्ट करते. सरळ नावांनी प्रोग्रॅम कधीच चुकत नाही, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही.