हरलेल्यानं दार उघडं ठेवायचं

आमच्या दोन तालमींच्या मध्ये एक अरुंद रस्ता होता. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नसतो. तालमीचा गणपती असतो, तालमीचा फुटबॉल संघ असतो आणि त्या भागात जन्मलेला माणूस आपोआप त्या संघाचा होतो. निवड करायचा प्रश्न येत नाही. रस्त्याच्या अलीकडे जन्मल्यामुळे मी आमच्या तालमीचा झालो. तो पलीकडे जन्मला होता. मैदानात दोन्ही तालमींचे लोक समोरासमोरच्या पायऱ्यांवर बसत. त्यामुळे शंभर पावलांवर राहूनही आमची ओळख नव्हती.

ओळख झाली ती रत्नागिरीजवळच्या पालीत. मी एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून रत्नागिरीला नुकताच रुजू झालो होतो. तो मिरजोळ्याच्या एमआयडीसीत फिटर होता. सुट्टी संपवून आम्ही दोघे एकाच एसटीनं परतत होतो आणि शेजारी बसलो होतो. पालीला गाडी चहासाठी थांबली तेव्हा त्यानं माझ्याकडे पेपरचं खेळाचं पान मागितलं. आदल्या दिवशी आमच्या तालमीनं त्यांच्या तालमीला हरवलं होतं आणि बातमी त्याच पानावर होती. त्यानं ती दोनदा वाचली आणि विचारलं, ‘तू कुठल्या तालमीचा?’ मी सांगितलं.

‘तरीच. पेपर धरायच्या पद्धतीवरनंच कळलं हुतं,’ तो म्हणाला. पान घडी घालून परत दिलं आणि तो चार बाकं पुढे जाऊन बसला. पाली ते रत्नागिरी अर्ध्या तासाच्या रस्त्यात तो मागे वळून पाच वेळा बोलला. पाचही वेळा विषय आमचा गोलकीपर होता. त्या माणसाला दोन हात आहेत हे त्याला कुणी सांगितलंय का, हा शेवटचा प्रश्न त्यानं स्टँडवर उतरल्यावर विचारला. त्यानंतरच्या रविवारी तो माझ्या खोलीवर आला.

रत्नागिरीत फुटबॉलबद्दल बोलायला दुसरं कोणी नव्हतं. इथं क्रिकेट आणि कबड्डी. ऑफिसातल्या लोकांना आमच्या मैदानावर एवढी माणसं जमतात हेच खरं वाटत नसे. कोल्हापूरची आवृत्ती दुपारच्या गाडीनं यायची. निकाल मात्र आदल्या संध्याकाळीच आमच्या ऑफिसात फोनवर कळायचा. त्यामुळे मॅचच्या दिवशी तो शिफ्ट संपवून थेट ऑफिसात येई. मी त्याला निकाल सांगायचा, पण बातमीसारखा: आधी विजयी संघ, मग गोल, मग कोणत्या मिनिटाला कुणी केला ते. चेहरा हलवायचा नाही. ही अट त्याची होती. आमचे जिंकले असतील तर माझ्या तोंडावरून त्याला ते आधी कळायला नको होतं. मला ही अट अवघड गेली नाही. माझी नोकरीच तशी होती.

दुसरा नियम आम्ही गावाहून आणला. आमच्या दोन भागांत जिंकलेली तालीम मिरवणुकीनं हरलेल्यांच्या भागातून जायची. हरलेल्यांनी दारं लावून घ्यायची नाहीत, ही पद्धत होती. उंबऱ्यात उभं राहायचं, टोमणे ऐकायचे आणि मिरवणुकीतल्यांना पाणी द्यायचं. दार लावून घेणाऱ्याचं नाव पुढच्या हंगामापर्यंत निघत असे. रत्नागिरीत मिरवणूक काढायला आम्ही दोघेच. म्हणून ठरलं की जिंकलेल्यानं भडंगाचा पुडा घेऊन हरलेल्याच्या घरी जायचं. हरलेल्यानं दार उघडं ठेवायचं आणि चहा करायचा. भडंग कोल्हापूरचं लागायचं. कोण जिंकेल ते आधी माहीत नसल्यामुळे प्रत्येकाच्या घरी एक न फोडलेला पुडा असायचा. हरलेल्याचा पुडा तसाच राहायचा आणि इथल्या दमट हवेत मऊ पडायचा. मऊ भडंग टाकून न देता हरलेल्यानं ते खायचं, हे पोटकलम त्याच्या बायकोनं घातलं. मी त्यांना वहिनी म्हणत असे.

मी लग्न केलं नाही. सणाला त्यांच्याकडेच जेवायला असे. त्याच्या घरासमोर चिऱ्याचं कंपाउंड होतं. त्यांची तालीम हरली, म्हणजे मी येणार असलो, की वहिनी फाटक आधीच उघडून ठेवत. मी कंपाउंडपाशी पोचायच्या आधीच त्यांच्या संघाच्या नावानं ओरडायला सुरुवात करी. शेजारच्या बाई पहिल्या वर्षी घाबरून बाहेर आल्या. पुढे त्या खिडकीतूनच विचारू लागल्या, ‘आज तुमचे का?’ तो माझ्या घरी आला की जिन्यापासून ओरडत येई. आमच्या इमारतीत राहणाऱ्यांचा बरीच वर्षं असा समज होता की आमचं जमिनीवरून भांडण आहे.

इतक्या वर्षांत त्यानं आमच्या संघाबद्दल एकही चांगला शब्द काढला नाही. आमच्या एका खेळाडूची राज्याच्या संघात निवड झाली तेव्हा तो म्हणाला, निवड समितीत डोळ्यांचा डॉक्टर पाहिजे. मीही त्यांच्याबद्दल काढला नाही. यात द्वेष नव्हता, आणि नुसती गंमतही नव्हती. दिवसभर आम्ही दोघे अशा लोकांत राहत होतो, ज्यांना आम्ही कुठून आलो याचं देणंघेणं नव्हतं. मला माझ्या भागाचा माणूस म्हणून शिव्या घालणारा तो एकटाच होता.

आम्ही दोघे निवृत्त झालो. कोल्हापुरातली घरं भावांकडे राहिली आणि आम्ही इथंच राहिलो. मॅच मोबाइलवर थेट दिसू लागल्या. निकाल सांगायचं माझं काम संपलं. भडंगाचा नियम राहिला. मॅच आपापल्या घरी बघायची, संपली की एकानं निघायचं. एरवी सकाळी आम्ही भाट्याच्या सुरूच्या बनात फिरायला जात असू.

वहिनी मार्चमध्ये वारल्या. आजारपण तीन आठवड्यांचं होतं. मुलगी पुण्याहून आली, महिनाभर राहिली आणि परत गेली. हंगाम संपता संपता दोन्ही तालमींची गाठ पडली आणि आम्ही चार-शून्यनं जिंकलो. एवढ्या फरकानं आम्ही त्यांना पूर्वी हरवल्याचं मला आठवत नाही.

मॅच संपल्यावर मी पुडा काढला, पिशवीत घातला, चपला घातल्या. मग जिन्यात थांबलो. वहिनींना जाऊन दोन महिने झाले नव्हते. त्या घरासमोर जाऊन आरडाओरडा करायचा, आणि तोही चार-शून्यचा, हे बरं दिसणार नाही असं मला वाटलं. न ओरडता नुसतं जायचं तर पुडा कशाला, असंही वाटलं. मी वर आलो आणि फोन केला.

म्हणालो, ‘चांगली झाली मॅच. तुमची पोरं पण चांगली खेळली.’

 तो ‘बरं’ म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो भाट्याला आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही. आठवड्यानं त्याच्या शेजारच्या बाई मला मच्छी मार्केटात भेटल्या. त्यांनी विचारलं, ‘त्या दिवशी तुम्ही येणार होतात का हो?’ मॅचच्या दिवशी त्यानं फाटक उघडलं होतं, दारही उघडं ठेवलं होतं. ओट्यावर दोन कप काढलेले त्यांना खिडकीतून दिसले. दिवेलागणीला त्यांनी चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, एकजण येणार आहे. माझा फोन त्याआधीच होऊन गेला होता. त्यानंतरही दार तासभर उघडं होतं, असं बाई म्हणाल्या. मी त्यांना वेळ पुन्हा विचारून घेतली. जुनी सवय.

तिथून मी सरळ त्याच्या घरी गेलो. तो वऱ्हांड्यात बसला होता. त्यानं मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी सांगितलं की त्या दिवशी यायला निघालो होतो, पण वहिनींच्या मागे ते योग्य वाटलं नाही. त्यानं ऐकून घेतलं.

‘ती गेल्यापासनं जो येतोय तो हळू आवाजात बोलतोय,’ तो म्हणाला. ‘पोरगीसुद्धा. तू तेवढा बोंबलत येशील असं वाटलं हुतं.’

 मी पाणी प्यायलो आणि निघालो.

पावसाळ्यात आमच्या भेटी कमी झाल्या. झाल्या तेव्हा तो नीट बोलला. मी कसा आहे, गुडघा कसा आहे, हे विचारलं. यापूर्वी त्यानं माझ्या गुडघ्याचा उल्लेख फक्त आमच्या संघातल्या बॅकची चाल माझ्यासारखी आहे हे सांगायला केला होता. मी एकदोनदा विषय काढून पाहिला. त्यांच्या नव्या कोचबद्दल वाईट बोललो. तो म्हणाला, असेल. भाट्याला जायला त्यानं वेळ बदलली असावी, किंवा तो जायचाच बंद झाला असावा. मी विचारलं नाही.

नव्या हंगामात दोन्ही तालमींची मॅच लागल्याचं कळलं तेव्हा मी हिशेब मांडला तो असा. आम्ही जिंकलो तर मला जावं लागेल, आणि मी ओरडत गेलो तरी ते मागच्या चुकीची भरपाई म्हणून ओरडल्यासारखं होईल. त्याला ते लगेच कळेल. ते जिंकले तर नियमानं त्यानं माझ्याकडे यायचं होतं. तो आला तर सगळं पूर्वीसारखं होऊ शकत होतं. मॅच सुरू झाली आणि मला आमची तालीम हरायला हवी होती. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. हाफटाइमला आम्ही एक-शून्यनं पुढे होतो. मी मोबाइल टेबलावर ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा त्यांनी बरोबरी केली होती. शेवटच्या काही मिनिटांत कॉर्नरवर त्यांच्या फॉरवर्डनं हेड मारला. आमचा गोलकीपर जागेवरून हलला नाही. त्या गोलकीपरला दोन हात असल्याचं कुणी सांगितलं नसावं.

मी दार उघडलं. चहाचं आधण ठेवलं, मग गॅस बंद केला, कारण त्याला यायला रिक्षानं वीस मिनिटं लागतात. दोन कप काढले. जिन्यावर पावलं वाजली ती तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीची होती. तिनं उघड्या दारातून बघून विचारलं, काका, काही हवंय का? मी नाही म्हणालो. दिवेलागण झाली. त्यानंतर तासभर मी दार उघडं ठेवलं, कारण त्यानं तेवढा वेळ ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा पुडा घेऊन त्याच्याकडे गेलो. हरलेल्यानं जाण्याची पद्धत नाही, हे मला माहीत होतं. फाटकाला कडी होती. दार बंद होतं. दोनदा बेल वाजवल्यावर त्यानं ते उघडलं. पुड्याकडे पाहून त्यानं विचारलं, ‘जिंकलासा व्हय?’

त्यानं मॅच बघितली नव्हती. मागच्या मॅचनंतर एकही बघितली नव्हती. मॅच होती हेही त्याला पुडा बघून कळलं.

‘तुमचे जिंकले,’ मी म्हणालो. ‘दोन-एक.’

‘मग तू कशाला आलास?’

मी म्हणालो, निकाल सांगायला. तो बाजूला झाला आणि मी आत गेलो. हरलेला मी होतो, म्हणून चहा मीच ठेवला. साखरेचा डबा वहिनींच्या वेळी जिथं असायचा तिथं नव्हता. तो खिडकीत होता. चहा उकळेपर्यंत मी त्याला मॅच सांगितली: आधी विजयी संघ, मग गोल, मग कोणत्या मिनिटाला कुणी केला ते. चेहरा हलवला नाही. हेडचा गोल सांगताना मी मुद्दाम आमच्या गोलकीपरपाशी थांबलो. कॉर्नर कुठून आला, हेड कसा बसला, तो जागेवर कसा उभा राहिला. मी शक्य तेवढी जागा ठेवली. पालीच्या रस्त्यावर हा माणूस चार बाकं पुढून मागे वळून याहून कमी कारणासाठी बोलला होता.

त्यानं पुडा फोडला. भडंग अजून कुरकुरीत होतं. मूठभर माझ्यापुढे सरकवलं, मूठभर स्वतः घेतलं आणि चावत राहिला.

‘तुमची पोरं पण चांगली खेळली असतील,’ तो म्हणाला.

मी हो म्हणालो. चहा संपल्यावर दोन्ही कप विसळून पालथे ठेवले. तो फाटकापर्यंत सोडायला आला आणि गुडघा सांभाळून जा म्हणाला. शेजारच्या खिडकीतून बाईंनी पाहिलं. कोण जिंकलं ते त्यांनी विचारलं नाही.